एक मिनिटाचा बगळा

१ जानेवारी १८९९, रविवार. गिरगाव.

ही वही कुणासाठी नाही. सुरुवात नेमकी कुठल्या दिवशी झाली याबद्दल पुढे वाद नको, एवढ्यासाठी.

यंत्र घरी आलं. सिनेमॅटोग्राफ: हलतं चित्र घेतं आणि दाखवतंही. सागवानी पेटी, पितळी हँडल, लांब पायांची तिपाई. एक परदेशी खेळवाला प्लेगला घाबरून बोटीने निघून गेला, त्याचं यंत्र आमच्या साहेबांनी ठेवून घेतलं. साहेब म्हणजे कुलाब्याच्या ज्या वखारीत मी बारा वर्षं कापसाच्या गाठींची वजनं उतरवून घेतो, तिथले मुख्य. ते एका प्राणिमित्र मंडळाचे सेक्रेटरीही आहेत.

ठरलं ते असं. २५ फेब्रुवारीला मंडळाची सभा. तिथे मी जिवंत प्राण्याचं एक मिनिटाचं हलतं चित्र दाखवायचं. दाखवलं, तर एप्रिलमध्ये मंडळी तीन महिने कारवारच्या जंगलात जाणार आहे, तिच्याबरोबर यंत्रवाला म्हणून मी. नाही दाखवलं, तर यंत्र साहेबांकडे आणि मी गाठींकडे.

फिल्मची रिळं तीन मिळाली. एकेक मिनिटाची. मला एक पुरेल. उरलेली दोन साहेबांना परत करावीत. चांगलं दिसेल.

प्राणी: वाघ.

संकल्प: रोज पहाटे पाचला उठणे. हँडल फिरवण्याचा सराव. कमी बोलणे. जंगलात बोलणारा माणूस चालत नाही.

२ जानेवारी, सोमवार.

पहाट हुकली. थंडी फार.

बायकोला, दुर्गाला, बेत सांगितला. तिने विचारलं, वाघ एक मिनिट थांबेल का? म्हटलं, थांबायचं नाहीच आहे, हलायचं आहे. ती म्हणाली, तुमच्या दिशेने हलला तर? बायकांना शास्त्रात आधी धोका दिसतो. मग म्हणाली, राणीच्या बागेत वाघ आहे, ट्रॅमने जाता येतं. पिंजऱ्यातला प्राणी हा प्राणीच नव्हे, असं तिला समजावलं. ती म्हणाली, मग त्याला रोज मटण कोण घालतं, आणि का?

बेत कोणालाही न सांगणे. हा चौथा संकल्प.

८ जानेवारी, रविवार.

तानसाला जाऊन आलो. जंगलखात्याचा शिपाई भेटला. वाघ कुठे बसतात, विचारलं. तो म्हणाला, त्याच्या आजाने एक पाहिला होता. आजा आहे का, विचारलं. नाही म्हणाला.

वाघ हा प्राणी फार वापरून झालेला आहे. चित्रं, पुस्तकं, सर्कस, जिथे तिथे वाघ. मगरीकडे अजून कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

१५ जानेवारी, रविवार.

विहार तलाव. सकाळी आठपासून तिपाई लावून बसलो. मगर पाण्यात असते, वर येईल तेव्हा येईल. हालचाल करायची नाही. केली नाही. दुपारी जाग आली तेव्हा समोरच्या काठावर चिखलात पोटाचा रुंद माग होता. मघाशी नव्हता. एक गुराखी म्हणाला, चांगली तासभर पडून होती, तुमच्याकडेच बघत होती.

म्हणजे मगरीने मला पाहिलं. ओळख झाली, एवढं म्हणता येईल.

२२ जानेवारी, रविवार.

राणीच्या बागेत गेलो. वाघासाठी नाही. उजेडाचा अंदाज घ्यायला.

वाघ समोरच होता, म्हणून घेतला. गज चित्रात येणार नाहीत असा कोन साधला. सेकंदाला दोन फेरे, हात एकदाही थरथरला नाही. पूर्ण एक मिनिट. गर्दी जमली होती. एकाने विचारलं, ऊस कुठे घालता?

वाघ झोपलेला होता. पण झोपेतला डौल काही और.

२४ जानेवारी, मंगळवार.

आज रजा. न्हाणीत अंधार करून, लाल कंदील लावून फिल्म धुतली. उत्तम निघाली. चित्र उलटं असतं: काळं ते पांढरं, पांढरं ते काळं. ते सुलट करून घ्यायला आणखी एक कोरं रीळ लागतं, हे साहेबांनी आजच्या चिठ्ठीत कळवलं. आधी कळवायला हवं होतं. त्यात रीळ घालवण्यापेक्षा आता उलटंच दाखवायचं. सुशिक्षित प्रेक्षकाला तेवढं कळतं.

दुपारी माजघर बंद करून, मागे मोठा दिवा ठेवून भिंतीवर टाकलं. तात्यांना मुद्दाम बोलावलं. आमचे वडील अजून मला कारकुनाचा कारकून समजतात. त्यांनी एक मिनिट भिंतीकडे पाहिलं. मग म्हणाले, फोटो चांगला आहे गंगाधर, आता तो हलणारा दाखव.

दुर्गा म्हणाली, कान हलला होता. चांगली आहे बिचारी. कान हलला नव्हता, माझा हात दिव्याला लागला होता.

पुढे जे झालं त्यात माझी चूक नाही. तात्यांनी विचारलं, त्या पट्टीवर चित्र चिकटतं कशाने? विषय माझा होता. सांगितलं, जिलेटिनने. ते कशाचं? जनावरांची हाडं, कातडी, खूर उकळून काढतात. कुठल्या जनावरांची? विलायतेत कुठली जनावरं मुबलक असतात हे तात्यांना ठाऊक आहे.

गोंद म्हणून थांबता आलं असतं. पण शास्त्र म्हणजे शास्त्र.

संध्याकाळपर्यंत न्हाणी दोनदा गोमूत्राने धुतली. दुर्गाची दोन पातेली गेली. एक तिच्या माहेरचं होतं. यंत्र ओटीवर. या घरात पुन्हा ती पट्टी भिजली तर मी काशीला जाईन, असं तात्या म्हणाले. दुर्गाने उरलेली पातेली मोजून कुलुपात ठेवली. ते जास्त लागलं.

२९ जानेवारी, रविवार. माहीम.

नवा बेत: बगळा. साधा पक्षी, पण हलतो. माहीमच्या खाडीत आपले बगळे शेकड्याने उतरतात. आणि फिल्म धुवायला तात्यांपासून लांब जागा हवीच.

काळा कोट घातला, यंत्र चादरीत गुंडाळून हमालाच्या डोक्यावर दिलं, हातात वही घेतली. कोळीवाड्यात शिरलो आणि थक्क झालो. लोक आदराने बाजूला होत होते. बायका मुलांना घेऊन आत जात होत्या, दारं लोटली जात होती. मला चालायला सगळी वाट मोकळी. गिरगावात जन्म गेला, एवढा मान कधी मिळाला नाही.

वाटेच्या शेवटी सहा जण उभे होते. पुढचा धर्मा, रुंद खांद्यांचा, कानात बाळी. त्याने विचारलं, कोनाला न्यायाला आलाव? त्यांना मी प्लेगचा इन्स्पेक्टर वाटलो होतो. घरोघर शिरून तापलेल्या माणसाला इस्पितळात नेणारा.

बगळ्यांना, असं मी उत्तर दिलं. ते लगेच पटलं नाही. पेटी उघडून दाखवली, लेन्समधून खाडी दाखवली, तेव्हा धर्मा हसला. त्याची बायको सोनूबाई हसली नाही. तिच्या म्हाताऱ्या आईला नुसता खोकला होता, तिला मागच्या दाराने होडीत घालून वरळीकडे पाठवून दिलं होतं. सोनूबाईने ओट्यावरून विचारलं, बगलं बघाला आलाव तं मानसं कशाला पलवताव? गिरगावान बगलं संपलं?

म्हातारीला परत आणेपर्यंत ओहोटी लागली. होडी चिखलात अडकली. खाडीभर म्हातारीचा आवाज ऐकू येत होता. बगळे त्या आवाजाने उडाले.

धर्मा मदत करायला तयार आहे. अट एकच: पुढच्या खेपेला काळा कोट नको.

५ फेब्रुवारी, रविवार. माहीम.

मोठा दिवस. तपशिलाने लिहितो.

पांढरा अंगरखा घालून गेलो. सकाळी तीनदा बगळ्यांच्या मागे गेलो, तीनदा ते उडाले. चौथ्यांदा धर्मा म्हणाला, शेट, त्यांना आमचा वास ठावं हाय, तुमचा नाय. मी अत्तर लावत नाही, फक्त केसांना तेल. तरी त्याने मला आणि यंत्राला किनाऱ्यावर एका ओल्या जाळ्याखाली बसवलं आणि स्वतः समोर जाळं साफ करायला बसला. जाळ्यातली बारीक मासळी चिखलात पडत होती.

पाव तासात बगळा आला. धर्माच्या पायाजवळ. माझ्यापासून चार हातांवर. मी हँडल फिरवायला लागलो. बगळा थांबला, मान वाकडी केली, यंत्राकडे पाहिलं. मग मान अशी गेली की दिसलीच नाही, आणि चोचीत मासा होता. मासा वळवळत होता. त्याने तो उडवून सरळ केला आणि गिळला. गळ्यातून उतरताना दिसला. मग एक पाय उचलून उभा राहिला. रीळ संपलं.

असं कोणी आजवर घेतलं नसेल.  हँडलवर हात स्थिर होता.

धर्माच्या माळ्यावर, जिथे जाळी ठेवतात, तिथे अंधार करून फिल्म धुतली. सगळं आलं आहे. वळवळसुद्धा. हे कशाचं बनतं असं सोनूबाईने विचारलं. या वेळी शास्त्र सांगितलं नाही. गोंद म्हटलं.

वाळत कुठे घालायची? किनाऱ्यावर बोंबील वाळत घालायला काठ्यांचे उंच मांडव आहेत. खारा वारा, कडक ऊन. शास्त्रीयदृष्ट्या आदर्श. दोन रांगा बोंबलांच्या, मधली फिल्मची. वाऱ्यावर सारखीच हलत होती.

सोनूबाईने भाकरी आणि तळलेले बोंबील वाढले. आत बसून जेवलो. कारवारच्या जंगलात काय काय घ्यायचं ते धर्माला सांगितलं. चांगला दोन भाकऱ्यांइतका वेळ.

बाहेर आरडाओरडा झाला. सोनूबाई झाडू घेऊन धावली. मांडवावर सहा मांजरं होती. खाली आणखी काही. बोंबलांना एकानेही तोंड लावलं नव्हतं. ते रोजचंच. फिल्म खाली ओढली होती आणि सगळी मिळून शांतपणे, मन लावून चाटत होती.

जिलेटिन कशाचं असतं ते मांजरांना सांगावं लागलं नाही.

पट्टी स्वच्छ. आरपार दिसते. एका टोकाला बगळ्याचा एक पाय शिल्लक आहे. उचललेला.

६ फेब्रुवारी, सोमवार.

ऑफिसात साहेबांनी विचारलं, काय प्रगती? म्हटलं, प्राण्यांचा प्रतिसाद अपेक्षेपेक्षा जास्त आहे. हे खोटं नाही.

दुर्गाला खरं सांगितलं. ती हसेल म्हणून तयारीत होतो. ती म्हणाली, एक रीळ आहे ना अजून? मग रडता कशाला?

मी रडत नव्हतो. सर्दी. जाळं ओलं होतं.

१२ फेब्रुवारी, रविवार. माहीम.

शेवटचं रीळ. कालपासून विचार केला आणि लक्षात आलं की मागच्या चित्रात एक दोष होताच. बगळा एका जागी उभा. मंडळापुढे उभा बगळा म्हणजे पुन्हा तात्यांचा फोटो. हवा तो थवा. शंभर बगळे एकदम उडताना. मांजरांनी एका परीने मला वाचवलं.

योजना अशी. यंत्र किनाऱ्यावर, तोंड थव्याकडे. मी बाजूने वाकून जाऊन थवा उठवणार. पगडीत तिवराच्या डहाळ्या खोवल्या, म्हणजे झुडूप वाटावं. हँडल धर्माकडे. त्याला सकाळभर शिकवलं. त्याला सेकंद कळत नाही, पण वल्ह्याचा ठेका कळतो, आणि तो बरोबर सेकंदाला दोन फेरे पडतो. त्याला बजावलं: मी चौकटीबाहेर असेन, माझ्याकडे बघू नको. काही झालं तरी, आभाळ कोसळलं तरी, रीळ संपेपर्यंत हात थांबवायचा नाही.

बगळे उडाले. मी निघण्याआधी का नंतर, याबद्दल धर्माचं आणि माझं एकमत नाही.

मधे पाय जरा घसरला. खाडीचा चिखल वरून वाटतो तसा नसतो. छातीपर्यंत. मी हाका मारल्या असतील. धर्मा आला तो रीळ संपल्यावरच. दोरी घेऊन. म्हणाला, शेट, तुमी सांगतलंव थांबू नको. आज्ञाधारक माणूस. सोनूबाईने घागरभर पाणी अंगावर ओतलं, अंगरख्यातला खेकडा झटकला आणि विचारलं, बगल्यांचं काम झालं, आता चिंबोऱ्यांचं काय?

अंगरखा गेला. संध्याकाळी फिल्म धुतली, माळ्यावर, दार लावून, स्वतः पहारा करून वाळवली. मांजरं दाराबाहेर बसून होती. ओळखीची.

१४ फेब्रुवारी, मंगळवार.

चित्रं नखाएवढी. भिंगातून पाहिली. थवा नाही.

पण.

मधोमध एक पक्षी आहे. एकटाच. मोठा. उलट्या चित्रात काळा, म्हणजे खरा पांढराशुभ्र. दोन्ही पंख पसरलेले, जोरात फडफडवतो आहे. धड चिखलात. आणि डोक्यावर तुरा. दाट, पानांसारखा. मी त्या दिवशी माझ्या कामात होतो, मला दिसला नाही. धर्माने नुसता यंत्राचा कोन बदलला आणि नकळत टिपला. अडाणी हाताला असं यश मिळतं कधी कधी.

१६ फेब्रुवारी, गुरुवार.

लायब्ररीत पक्ष्यांचा इंग्रजी ग्रंथ पाहिला. तुरेवाले बगळे तीन. एकाचाही तुरा एवढा नाही. एकाचेही पंख मनगटापाशी एवढे रुंद नाहीत.

साहेबांना कळवलं. ते खुर्चीतून उठले. बारा वर्षांत माझ्यासाठी पहिल्यांदा. निमंत्रणं छापायला गेली: माहीमच्या खाडीतला अज्ञात तुरेवाला बगळा, सजीव. नवा पक्षी ठरला तर शोधणाऱ्याचं नाव देण्याची पद्धत आहे, असंही म्हणाले.

माझ्या आडनावावरून नवलकरी बगळा. वाईट नाही.

तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, सभेला मी येतो. दुर्गासाठीही खुर्ची मागितली आहे. बायकांची रांग मागे आहे, पण दिसतं.

कारवारला जाण्याआधी वखारीतला माझा स्टूल कोणाला द्यावा याचा विचार करतो आहे.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार.

उद्या. भाषण तयार. चाळीस मिनिटांचं. चित्र एक मिनिटाचं.

२६ फेब्रुवारी, रविवार.

काल लिहिता आलं नाही.

फोर्टातला हॉल भरला होता. साहेब, मडमा, दोन पारशी डॉक्टर. तात्या पुढच्या रांगेत, नवी पगडी. भाषण सहा मिनिटांनी साहेबांनी थांबवलं. यंत्र मीच फिरवत होतो. पडदा समोर.

पक्षी आला. केवढा मोठा. काळाभोर, पंख फडकतात, तुरा हलतो. साहेबांनी लोकांना समजावलं की उलटं चित्र आहे, काळं ते पांढरं समजावं. एक डॉक्टर उभा राहून मान ताणून बघू लागला. मी आणखी ताठ मानेने हँडल फिरवलं.

मग पक्ष्याने तोंड यंत्राकडे फिरवलं.

त्याला मिशा होत्या. गोरापान चेहरा, साहेबांच्या चेहऱ्यापेक्षा गोरा, आणि तोंड उघडून काहीतरी ओरडत होता. तुरा डोळ्यांवर आला, तो त्याने पंखाने मागे सारला. पंखाला बोटं होती. हँडल सोडावंसं वाटलं. पण फिल्म एका जागी थांबली तर दिव्याने पेटते. म्हणून फिरवत राहिलो. मी फिरवत होतो आणि मी बुडत होतो. एक मिनिट एवढं मोठं असतं हे मला माहीत नव्हतं.

आधी मागच्या रांगेतून आवाज आला. दुर्गाचा. अगंबाई, हे तर आमचे! मग सगळा हॉल. साहेब खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून हसत होते. तात्याही. मी तात्यांना खांदे हलवून हसताना कधी पाहिलं नव्हतं. ते शेजारच्या मडमेला सांगत होते, माय सन, माय सन.

तीनदा पुन्हा दाखवायला लावलं. दोन्ही डॉक्टरांनी हात मिळवला. साहेब डोळे पुसत आले आणि म्हणाले, इतकं स्थिर चित्र त्यांनी विलायतेतही पाहिलेलं नाही. यंत्र कोण फिरवत होतं?

मीच, असं तोंडावर आलं होतं. पण मी चित्रात होतो. म्हणजे यंत्रामागे नव्हतो. हे साहेबांच्या आधीच लक्षात आलं होतं.

घरी व्हिक्टोरिया घोडागाडीने आलो. गिरगाव आल्यावर दुर्गा म्हणाली, एवढे बुडत होतात, मला सांगितलं का नाही? ती या वेळी हसत नव्हती.

सकाळी साहेबांचा निरोप घेऊन माहीमला गेलो. निरोप धर्मासाठी होता: कारवारला यंत्रवाला तो. त्याने दोनदा ऐकून घेतला. म्हणाला, होली झाल्याबिगर नाय निघायचा. साहेबांना चालेल, असं मी सांगितलं. सोनूबाईने विचारलं, तीन महिने? जंगलान मासली मिलते? मग माझ्याकडे बघून बसायला पाट टाकला. धर्मा माझ्याबरोबर रेल्वेच्या फाटकापर्यंत आला. म्हणाला, शेट, तुमी बी चला ना. तितं पन कोनतरी चिखलान उतराया लागंल.

त्याने मनापासून म्हटलं होतं.

२७ फेब्रुवारी, सोमवार.

पहाटे पाचला उठलो. काही काम नव्हतं.

वखारीत साहेबांनी धर्माच्या नेमणुकीचं पत्र माझ्याकडे लिहायला दिलं. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणाले. निवडीचं कारण काय घालू, विचारलं. हात स्थिर, असं घाल म्हणाले. घातलं. तीन प्रती काढल्या. तिसरी सर्वांत चांगली आली.

दुपारनंतर गाठी आल्या. वजनं उतरवून घेतली.